मुर्ध्याहून ठाण्याला, कुलाब्यामार्गे

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या पथारीवर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर विकायला असतं. व्यक्तिमत्त्व विकास, श्रीमंतीचे मंत्र, यशस्वी वक्ता कसे व्हाल, आणि त्याच थप्पीत ते. माझ्या भाच्याने ते तिथूनच घेतलं. तो मुर्ध्याला आमच्याकडे राहून परीक्षेची तयारी करतो, आणि मन लावून करतो. ‘शिस्त आणि भाषणकला शिकण्यासारखी आहे, मावशी,’ म्हणाला. मी विचारलं, साठ लाख ज्यू माणसं मारली त्याचं काय? ‘ते वाईटच. पण ते तिकडचं, युरोपातलं. आपल्याकडे ज्यू आहेत कुठे?’

ठाण्यात आहेत, मी म्हटलं. मुर्ध्याहून निघून घोडबंदर रोडची गर्दी सोसली की पोचता येईल इतके जवळ. त्याला खरं वाटेना. याच मुलाच्या फोनवर इस्रायलच्या सैन्याचं कौतुक करणारे व्हिडिओही येतात, आणि तेही तो आवडीने बघतो. हिटलरही भारी आणि इस्रायलही भारी, या दोन गोष्टी एका डोक्यात कशा राहतात याचं मला भय वाटतं. तो एकटाच असा नाही. २००६ साली खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं उपाहारगृह उघडलं होतं, भिंतीवर त्याच्या चित्रासकट. मुंबईच्या ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर नाव बदललं गेलं. त्या पाटीमागे द्वेष असेलच असं मी म्हणणार नाही, अज्ञान मात्र नक्की होतं. पण ज्या घरातली माणसं त्या नावाखाली मेली, त्यांच्या नातलगाला खारघरच्या रस्त्यावर ती पाटी वाचताना या फरकाने काय दिलासा मिळणार?

म्हणून एका शुक्रवारी मी त्याला घेऊन निघाले. आधी कुलाबा, मग मशीद बंदर, आणि सूर्य मावळायच्या आत ठाणे. तिथे भेटायचं ठरलेल्या काकांनी बजावलं होतं, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागायच्या आधी या.

मुर्ध्याहून स्टेशनाकडे येताना खाजण आणि मिठागरं लागतात. मुर्धा, राई, मोर्वा ही आमची ओळीतली गावं, पुढे डोंगरी, उत्तन, आणि खाडीपलीकडे वसई. हा सगळा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत, पोर्तुगिजांच्या टाचेखाली होता. ‘भारतात ज्यूंचा छळ कधी झालाच नाही’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते बहुतांशी खरंही आहे. पण आमच्या किनाऱ्याने ते म्हणताना जरा थांबावं. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य, ज्याने भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला, तो सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू घराण्यातला होता. मुंबई बेट त्याला खंडाने मिळालं होतं. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं आणि छुपे ज्यू हुडकणं हे त्याचं पहिलं काम ठरलं. ओर्ता १५६८ साली मेला म्हणून सुटला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. हे न्यायालय अखेरचं बंद व्हायला १८१२ उजाडलं.

लोकलमध्ये खिडकीशी बसून मी हे सांगत होते तेव्हा भाच्याने विचारलं, ‘मग ठाण्यातले ज्यू कसे वाचले?’ ते कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, पोर्तुगिजांच्या कोटाबाहेर राहत होते, एवढंच त्याचं उत्तर आहे. रेवदंड्याच्या तटाबाहेरची गावं आधी निजामशाहीत, पुढे आंग्र्यांच्या मुलखात. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, आणि त्यांचा विस्तार अलिबाग, पेण, रोह्याच्या गावागावांत झाला. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं आणि गाव पुढच्या कामाला लागलं. शनिवारी घाणा का बंद, याची चौकशी करायला कोणी कमिशनर आला नाही. मला वाटतं, सुरक्षितता म्हणतात ती ही. केहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर ही आडनावं गावांनी दिलेली आहेत, आणि त्यांना ती लपवावी लागली नाहीत.

कुलाब्याच्या बाजाराजवळची ती गल्ली अरुंद आहे. कपडे वाळत घातलेले, खालून दुचाकी काढायची तर माणसाने बाजूला व्हायला हवं. या गल्लीतलं नरीमन हाऊस २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपर्यंत गल्लीबाहेर फार कोणाला माहीत नव्हतं. आता तिथे अडसर आहे, पहारेकरी आहे, पिशवी तपासतात, ओळखपत्र बघतात. भाच्याचं आधार कार्ड उलटसुलट पाहून परत दिलं गेलं. वर गोळ्यांनी फोडलेल्या भिंती गिलावा न करता तशाच ठेवल्या आहेत. एका भिंतीकडे तो बराच वेळ पाहत होता. गोळ्यांच्या छिद्रांचा व्यास बोटाने मोजू लागला आणि मी त्याचा हात खाली घेतला.

‘यांनी काय केलं होतं?’

काही नाही. रब्बी गॅव्रिएल होल्त्सबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का हे मुंबईत येणाऱ्या ज्यू प्रवाशांना नियमाप्रमाणे जेवण आणि शब्बाथला बसायला जागा देत. ते दोघे आणि त्यांचे चार पाहुणे तिथे मारले गेले. मुंबईभर त्या तीन दिवसांच्या दहशतवादी हल्ल्यात १६६ माणसं गेली. ताज, ट्रायडंट, सीएसटी ही गर्दीची, नावाजलेली ठिकाणं होती. या गल्लीतलं घर मात्र शोधून काढावं लागलं असणार. हल्लेखोरांसाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने त्याची आधी पाहणी केली होती. सगळ्या मुंबईतून ही गल्ली निवडायचं कारण एकच, इथे ज्यू राहतात. आपल्या भूमीवर ज्यू म्हणून ज्यूंना मारण्याचा हा प्रकार स्वतंत्र भारतात नवा होता, आणि तो इथे उगवला नव्हता, बाहेरून समुद्रमार्गे आणला गेला होता.

दोन वर्षांच्या मोशेला उचलून जी बाई बाहेर पडली ती सँड्रा सॅम्युएल, ख्रिस्ती. तिच्यासोबत लपून राहिलेला, स्वयंपाकघरात काम करणारा काझी झाकीर हुसेन, मुसलमान. इमारत सोडवताना पडले ते एनएसजीचे हवालदार गजेंद्रसिंग बिश्त. गल्लीतले रहिवासीही गोळीला बळी पडले. आणि पुढे, मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला त्याच्या विश्वस्तांनी साफ नकार दिला. हे मी भाच्याला मुद्दाम सांगितलं, कारण त्याच्या फोनवरचे व्हिडिओ हा भाग कधी सांगत नाहीत. ज्यूंच्या सुरक्षिततेचा विषय काढून शेजारच्या मुसलमानाकडे बोट दाखवणारे लोक या शहराला ओळखत नाहीत. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग बघा, डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकात उभारलेलं. त्याच्या आवारातल्या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. ससून स्वतः बगदादच्या पाशाच्या जाचाला कंटाळून मुंबईत आले होते, ही मुंबई त्यांचा आसरा होती.

तसाच आसरा १९३० च्या दशकात आणखी काहींना मिळाला. वॉल्टर कॉफमन हा बोहेमियातला ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आला. आकाशवाणीची सकाळची ती धून, जिच्यावर आमच्या पिढीने डोळे उघडले, ती त्याची. भाच्याला ती ऐकवली तर त्याला ओळखीची वाटली. आजीच्या रेडिओवर ऐकली होती म्हणे. ज्यांना हिटलरने हाकललं, त्यातल्या एकाने दिलेली ती धून आपल्या घरांत वाजत राहिली आणि आपल्याला ठाऊकही नव्हतं. हेही सांगायला हवं की महायुद्ध सुरू झाल्यावर अशा अनेक निर्वासितांना, केवळ जर्मन किंवा ऑस्ट्रियन नागरिक म्हणून, इंग्रज सरकारने नजरकैदेत टाकलं. छळ करणाऱ्याच्या नावाने छळ सोसलेल्याला कोंडायचं, हा अन्याय मला फार जिव्हारी लागतो.

काळा घोड्याच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगवरून (१८८४) पुढे गेलो. तिथेही पोलिसांचा पहारा. सीएसएमटीहून मशीद बंदर. सॅम्युएल स्ट्रीटच्या गजबजाटात, पेट्या आणि हातगाड्यांच्या मध्ये, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग आहे, शार हारहामीम, १७९६ सालचं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या पलटणीतले अधिकारी, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी ते बांधलं. बेने इस्रायल मंडळी त्याला जुनी मशीद म्हणत आली. आसपास मुसलमानांची, जैनांची, खोज्यांची दुकानं. दोनशेहून अधिक वर्षं ते याच वस्तीत आहे. हमालाला पत्ता विचारला तर त्याने मान न उचलता बोट दाखवलं.

ठाण्याला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सिव्हिल हॉस्पिटलजवळचं शार हाशामायीम सिनेगॉग १८७९ चं आहे. मुंबईतली मंडळी उपनगरांत पांगली, इस्रायलला गेली, तसतसं ठाणे हे या समाजाचं मोठं ठिकाण होऊन बसलं. फाटकाशी पोलीस, वहीत नाव, वेळ, सही. आत काका वाट पाहत उभे होते. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, रेल्वेतून निवृत्त. भाच्याला त्यांनी एक टोपी दिली आणि स्वतःच्या हाताने ती नीट बसवली.

आतलं सगळं त्यांनी सावकाश दाखवलं. मधोमध कठडा असलेला तेबा, ज्यावर उभं राहून प्रार्थना सांगतात. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. पडद्याआड चामड्यावर हाताने लिहिलेले सेफेर तोरा, मखमलीत गुंडाळलेले. बाजूला दोन खुर्च्या, त्यातली एक एलियाहू हनबीची. मुलाच्या सुंतेच्या वेळी ती रिकामी ठेवतात, नबी येऊन बसतो म्हणून. हाच एलियाहू यांच्या घरी मलिद्याच्या ताटाला येतो, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर त्याच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा, आणि नवस फेडायला माणसं इस्रायलहूनही तिथे येतात. ‘आमची आजी योम किप्पूर म्हणायचीच नाही,’ काका म्हणाले. ‘दारफळणीचा सण. दार लावून घरात बसायचं, उपास, पांढरे कपडे, बाहेरच्याचा स्पर्श नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दार उघडायचं आणि दानधर्म करायचा.’

मग मी विचारायचं ते विचारलं. सुरक्षित वाटतं का?

काका लगेच बोलले नाहीत. बाकावर बसले, आम्हाला बसवलं.

‘वहिनी, आयुष्य इथे गेलं. ज्यू म्हणून दगड सोडा, टोमणासुद्धा कोणी मारला नाही. हे मी कुठेही सांगेन. पण २००८ नंतर फाटकावर पोलीस आला. तो बिचारा चांगला आहे, चहा घेतो आमच्याकडे. नात विचारते, पलीकडच्या देवळाला वही नाही, आपल्याला का? तिला काय सांगू? सणासुदीला पाहुणा आला की आधी त्याचं आधार कार्ड मागायचं, हे आमच्यात कधी नव्हतं.’

२०२३ च्या ७ ऑक्टोबरनंतर पहारा वाढला. इस्रायलमध्ये हमासने केलेली कत्तल, त्यानंतर गाझात युद्धाने घेतलेले हजारो बळी, आणि त्याचे पडसाद ठाण्याच्या जिन्यांत. ‘एकजण गाडीवर भेटतो,’ काका सांगत होते, ‘म्हणतो, तुमच्या लोकांनी काय चालवलंय तिकडे? दुसरा भेटतो, पाठ थोपटतो, शाब्बास, तुम्हीच त्यांना धडा शिकवणार. पहिल्याचं वाईट वाटतं. दुसऱ्याचंही वाटतं. मी रेल्वेत नोकरी केली, मतदान इथे करतो, माझी पेन्शन इथली. दोघांच्याही हिशेबी मी ठाण्याचा राहत नाही.’

भाच्याने मान खाली घातली नाही, हे मला आवडलं. त्याने सरळ सांगितलं, ‘काका, पाठ थोपटणाऱ्यांतला मी होतो.’ काका हसले, म्हणाले, ‘मग आता चहा घे आणि नुसता भेटायला येत जा.’

मला या प्रवासात हवं होतं ते मोजमाप काकांच्या या बोलण्यात मिळालं. पहारे किती, कॅमेरे किती, हल्ले किती, यावरून समाजाची सुरक्षितता ठरवतात आणि ते करायलाच हवं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८ च्या ऑक्टोबरात शब्बाथच्या सकाळी अकरा माणसं मारली गेली. तिथे ज्यू अल्पसंख्य असले तरी मोठ्या संख्येने आहेत, बोलके आहेत, त्यांच्या संस्था आहेत. तरीही घडलं. आमच्याकडे २०११ च्या जनगणनेत देशभरात ४,६५० ज्यू मोजले गेले, आमच्या मीरा-भाईंदरच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाएवढे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला हे फार चांगलं झालं. पण एवढ्या थोड्या माणसांना धोका येतो तो पलीकडच्या देशातून आलेल्या मारेकऱ्याकडूनच नाही. त्यांना ओळखणारं कोणी उरलं नाही की कोणतीही अफवा, कोणतंही आयतं पुस्तक त्यांच्याविषयी काहीही सांगू शकतं, आणि खोडायला शेजारी नसतो. फोनवरून येणारा ज्यूद्वेष युरोपात शिजलेला आहे, त्याला शनवार तेली माहीत नाही. आपल्याला माहीत असायला हवा.

काकांची थोरली बहीण १९६० च्या सुमारास इस्रायलला गेली, अश्दोदला राहते. या समाजाला इथून कोणी हाकललं नाही, माणसं श्रद्धेने आणि पोटापाण्यासाठी गेली. आज भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू तिथे आहेत. पण जिथे आपल्या माणसांत गेलो असं वाटायचं, तिथेच १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं, बेने इस्रायलांचे विवाह लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासा, ते अस्सल ज्यू आहेत का. रायगडाच्या गावात कोणी न विचारलेला प्रश्न जेरुसलेममध्ये विचारला गेला. लोक रस्त्यावर बसले. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यूच आहेत, तेव्हा कुठे तो वाद निवला. त्या बहिणीकडे आजही ‘मायबोली’ नावाचं, तिथूनच निघणारं मराठी नियतकालिक येतं. हल्ल्यांचा भोंगा वाजला की ती तळघरात जाते, आणि तिथून भावाला फोन लावून विचारते, ठाण्यात पाऊस आहे का. काका सांगतात की त्या फोनवर दोघांपैकी कोण जास्त सुरक्षित आहे यावर बोलणं निघतं आणि प्रत्येक वेळी बहीण म्हणते, तू.

मंडळी जमू लागली. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ठाण्यात ते जमतात. रायगडातल्या गावांमध्ये आता अवघड जातं, सणाला मुंबईहून, ठाण्याहून माणसं न्यावी लागतात. एका टेबलावर काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत तयार होतं, किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, द्राक्षाच्या दारूऐवजी हेच घेतात. काकांनी भाच्याला विचारलं, कसली परीक्षा देतोस?

‘राज्यसेवा. तहसीलदार झालो तरी पुष्कळ.’

‘झालास की रायगडात बदली माग,’ काका म्हणाले, आणि ते थट्टेने बोलत नव्हते. ‘आमच्या दफनभूमी आहेत गावागावांत. माणसं गेली, दगड राहिले. बाजूची बांधकामं दरवर्षी थोडी सरकतात. कुंपण घालायला पैसे जमवलेत, पण मोजणी झाल्याशिवाय घालायचं कुठे?’

‘सातबाऱ्यावर समाजाची नोंद आहे, की नुसती वहिवाट?’ भाच्याने विचारलं. त्याने वही काढली.

‘काही ठिकाणी नोंद, काही ठिकाणी गावठाणात. एका ठिकाणी माझ्या पणजोबांचंच नाव आहे, दुरुस्त केलेलं नाही. पण आता लिहू नकोस, दिवे लागायची वेळ झाली. रविवारी सकाळी घरी ये, सगळे फेरफार काढून ठेवतो.’

‘मूळ नकाशे आहेत का, काका? भूमी अभिलेखकडे अर्ज करायचा तर गट नंबर लागेल.’

‘दोन गावांचे आहेत,’ काका म्हणाले. ‘बाकीच्यांचे तू काढायचे.’